अढीवरचा कॅमेरा

७ मे, बुधवार. काम एकच: अढी न उघडता आंबे पिकवणे. रविवारी लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती आणि ‘आंबे घरचेच’ असं मी विहीणबाईंना दोनदा सांगून बसले होते.

गवतात रचलेल्या आंब्यांत सासूबाई रोज हात घालून ऊब बघायच्या. पण मुंबईची नोकरी संपवून गावी आलेल्या माझ्या नवऱ्याला हात ही वस्तू जुनाट वाटते. त्यांनी पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर आणला, खोलीत कॅमेरा टांगला, गवतात तापमान मोजणारी कांडी खुपसली आणि दाराला कडी घातली. मोबाईलवर आंब्यांचं थेट चित्र, त्यावरच तापमानाचा बदलता आकडा.

“अक्षरां मोठी करा,” मी म्हटलं. “माका चष्मो शोधूक लावू नकात.”

त्यांनी चित्राच्या एका कोपऱ्यात काळी पट्टी ओढून त्यावर एवढा मोठा आकडा टाकला, की तो अंगणाच्या गडग्यापलीकडूनही वाचता यावा.

चार दिवस तो बत्तिशीत शहाण्यासारखा बसला. बुधवारी सकाळी एकोणचाळीस. चहा होईपर्यंत एकेचाळीस.

“कुजतले सगळे,” मी म्हटलं. “उघडा ती खोली.”

“थांब गो. आधी बघूया, बेचाळीस होता काय.”

“बेचाळीस झाल्यार काय, ओवाळूचा?”

मी कडी काढली. दोघांनी मिळून दोनशे आंबे ओसरीवर पंख्याखाली मांडले. (सगळे दगडासारखे कडक. त्याचं नवल मला तेव्हा वाटायला हवं होतं.) शेवटी कोपऱ्यातलं गवत उपसायला हात घातला, तर गवतच चावलं.

कांडीवर अंगाची ऊब देत एक तांबडी कोंबडी बसली होती. खिडकीचा एक गज नाही, तिथून आलेली. चित्रात ती आल्यापासून होती, बरोबर माझ्या मोठ्या अक्षरांच्या मागे.

आवाज ऐकून शेजारच्या सुमनकाकी आल्या. “अगो, ही माजी! कालपासून शोधतंय. हय काय करता ही?”

“आंबे पिकवता,” मी म्हटलं.

“आकडो मात्र बरोबर होतो,” नवरा म्हणाला.

“होय. कोंबडीचो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबे पुन्हा गवतात रचले आणि विहीणबाईंना फोन केला: आठवडाभराने या, यंदा आमच्याकडे आंबा पिकण्याइतकी उष्णताच नाही.