दीड तासावरची ताई

हसायचं तर खुशाल हसा, मी नाही रागावणार. पण चहा आधी पिऊन घ्या बाई, नंतर घशाखाली उतरायचा नाही!

तर माझी थोरली बहीण, शालूताई. आम्ही दिवेआगरच्या, ती लग्न होऊन गेली पार गोंदियाला. महाराष्ट्राचं एक टोक समुद्रात, दुसरं जंगलात! दर दिवाळीला फोनवर "येते गं यंदा" म्हणायचो दोघी, आणि हलायचं कुणीच नाही.

एक दिवस सकाळीच तिच्या लेकीचा, नंदाचा फोन. "मावशी, डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलंय. सारखं तुझंच नाव घेतेय. ये."

हे म्हणाले, "मुंबई गाठू. तिथून नागपूरला विमान, पुढं गाडी."

"एवढा वळसा?" मी फोन काढला. हल्ली काय, सगळंच फोनला विचारायचं! रत्नागिरीला विमानतळ आहे? आहे. गोंदियाला? तिथंही आहे! दोन्ही नावं टाकली. लगेच उत्तर आलं: विमानाने दीड तास.

दीड तास! अहो, आगरदांड्याला बोटीच्या रांगेत याहून जास्त वेळ जातो!

"पण रत्नागिरीहून विमान सुटतं का?" हे म्हणाले.

"दीड तास लिहिलंय, म्हणजे सुटत असेलच ना!"

नंदाला कळवून टाकलं, "संध्याकाळच्या चहाला येते म्हणावं!" ताईला आवडतात म्हणून घरातल्या करंज्या डब्यात भरल्या आणि निघालो. तिकडं ताईनं वेणी घालून घेतली. पाठीला दोन उशा लावून दाराकडं तोंड करून बसली. हे मला नंतर कळलं.

भर दुपारी रत्नागिरीच्या विमानतळावर पोचलो. गेटवर पहारेकरी.

"काकू, कुणाकडं?"

"गोंदियाच्या विमानाकडं!"

बिचारा बघतच राहिला. "इथून प्रवाशांचं विमान न्हाय सुटत."

"असं कसं? हे बघा की, दीड तास!"

त्यानं वाचलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकू, ते अंतर हाय. विमान असतं, तर एवढा वेळ लागला असता."

असतं तर! म्हणजे सकाळपासून आम्ही ताईपासून लांब लांब पळत होतो! मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले.

रडत रडत नंदाला सगळं सांगितलं. मग तीच वाट उलटी, मग मुंबई, मग नागपूर. दुसऱ्या दिवशी पोचले तर दारात चपलाच चपला. आत ताईची खाट रिकामी.

नंदा गळ्यात पडली. "मावशी, तुझी फजिती सांगितली ना, तर आई हसली गं! किती दिवसांनी! खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, धाकटी येडी ती येडीच राहिली."

"आणखी काही म्हणाली?"

नंदानं पदरानं डोळे पुसले. "म्हणाली, मी निघते, तिला सावकाश येऊ दे. आणि बजावून सांग, मी जाते तिथलं अंतर फोनवर बघायचं नाही. फोन दीड तासच दाखवील, आणि ही बया लगेच निघेल!"