भात कुणी जाळलं

"ए बाई, झबलं वर कर तिचं. बरगड्या दिसल्या पाहिजेत."

मोबाइल धरलेला कार्यकर्ता मला हे म्हणाला. जव्हारला, भर मंडपात. मी ऐकलं नाही तेव्हा त्यानंच हात घातला. माझ्या मांडीवरच्या पोरीचं झबलं वर ओढलं. पोर तापानं फणफणलेली. तिला रडायची ताकद नव्हती, ती नुसतं तोंड वासून राहिली. "हां, असंच राहू दे," तो म्हणाला. फोटो काढला. नीट आला नाही म्हणून परत काढला.

भाऊचा वाढदिवस होता, त्याचं आरोग्य शिबिर. आम्हां बायांना मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यावरून सकाळीच टेम्पोत घालून आणलं होतं. ज्यांची पोरं अंगणवाडीत वजनाला कमी भरली, त्या सगळ्या. डॉक्टर तपासतील, पोरांच्या ताकदीच्या पावडरचा डबा मिळेल, असं सांगितलं होतं. डॉक्टर आला नव्हता. भाऊ आला होता.

सगळे त्याला भाऊच म्हणतात. नाक्यावर त्याचा बोर्ड, टँकरवर त्याचा फोटो, आमच्या कुडावर त्याचं कॅलेंडर. फुकट मिळालं म्हणून माझ्या नवऱ्यानं लावलं. त्यात तो हात जोडून हसतो. माझा बा जेवायला बसतो तेव्हा त्या कुडाकडं पाठ करून बसतो.

भाऊनं भाषण केलं. म्हणाला, "गरिबी हा आजार नाही. अज्ञान हा आजार आहे. ह्या आयांना पोटच्या लेकराला काय खाऊ घालावं तेच कळत नाही." टाळ्या पडल्या. आमच्यातल्याही काही जणींनी वाजवल्या. सगळे वाजवतात म्हणून.

मला कळत होतं काय खाऊ घालायचं ते. घालायला घरात नव्हतं. का नव्हतं, ते सांगते.

मी लहान होते तेव्हा आमच्याकडं भाताचं खाचर होतं, वरच्या उतारावर नागली, वरई. बैलांची जोडी होती. श्रीमंती नव्हती, पण पावसाळा निघेल एवढं धान्य कणगीत असायचं. आमच्या पाड्याची मतं कुणाला जायची ते गवताचा व्यापारी ठरवायचा. त्याच्याच गवतावर आमची माणसं कापणीला जायची, म्हणून कुणी तोंड उघडायचं नाही. त्या साली बा पंचायतीला उभा राहिला. व्यापाऱ्याचा माणूस आला, म्हणाला, अर्ज मागं घे. बानं घेतला नाही. पाड्यानं त्याला निवडून दिला.

कापणी झाली होती. भात खळ्यावर आलेलं, भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या. भरदुपारी दोन जिपा चढून आल्या. व्यापाऱ्याचा पोरगा पुढं होता. तेव्हा जवान होता, पांढरे बूट घातलेला. तोच आजचा भाऊ.

पहिल्यांदा त्यांनी उडव्या पेटवल्या. वाळलेलं भात. भडकन पेटलं. दाणे तडतडून फुटत होते, लाह्यांसारखा वास सुटला होता. मला त्या वासानं भूक लागली. खरं सांगते. बाला मारत होते आणि मला भूक लागली होती.

बाला खळ्यावर पालथा पाडला. काठ्या, सायकलच्या चेना. पाठीवर, कमरेवर, बरगड्यांखाली. तो आधी ओरडत होता, मग नुसता हुंकारत होता. एकानं त्याचा उजवा हात दगडावर धरला. भाऊ त्यावर बुटासकट चढला. टाच फिरवली. "सही करायचीय ना पंचायतीत? कर आता." बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. काटकी मोडावी तसा.

आय मधे पडली. ती पोटुशी होती. तिच्या पोटात लाथ बसली. ती वाकली ती तशीच शेणावर कलंडली. जाताना त्यांनी बांधलेल्या बैलाच्या मानेवर कुऱ्हाड घातली. एका घावात मेला नाही. बराच वेळ पाय झाडत होता. पाड्यातली माणसं रानात पळाली होती. शेजारची काकी पळाली नव्हती. ती मला छातीशी दाबून कुडाच्या आड उभी होती. तिनं माझे डोळे झाकले होते, पण बोटांतून दिसत होतं.

चौकीवर गेलो तर साहेब म्हणाला, चुलीतली ठिणगी उडाली असेल. आणि बाची बोटं? "दारू पिऊन पडला असेल." बानं पंचायतीचा राजीनामा डाव्या हाताच्या अंगठ्यानं दिला.

पुढचं सगळं हळूहळू झालं, म्हणून कुणाला दिसलं नाही. त्या मोडक्या हातात नांगर धरवेना. एक बैल मेलेला, दुसरा विकला. खाचर पडीक पडलं. कणगी रिकामी. बाच्या लघवीतून रक्त जायचं, तो उठून बसला की कण्हायचा. आयनं रानातला कडूकंद आणला, उकळून उकळून कडवटपणा काढला, तेच खाल्लं. भाऊ जन्माला आला तो दिवस भरायच्या आधीच. म्हणजे माझा भाऊ. उंदराच्या पिल्लाएवढा. आयला दूध नव्हतं. अंगात काही गेलं असेल तर दूध येणार. थंडी सरायच्या आत भिवंडीकडं वीटभट्टीवर गेलो. आय चिखल तुडवायची, बाळ झोळीत. एका सकाळी तिनं त्याला पाजायला घेतलं तर तो ताठ झालेला.

मुकादमानं भट्टीमागं पुरायला जागा दाखवली.

पाड्यावर परत आलो तेव्हा एक बाई चौकशीला आल्या. शहरातल्या. आयला म्हणाल्या, "अहो, अंगात ताकद नसताना मूल कशाला होऊ दिलंत? दवाखान्यात का नेलं नाही? भगताकडं गेला असाल." भाताचं कुणी विचारलं नाही. आमच्या भागात पोरं मरतात हे सगळ्या दुनियेला माहीत आहे. पत्रकार येऊन जातात. उडव्या कुणी जाळल्या हे कुणी विचारत नाही.

पुढं दर साली भट्टीवर जायचो, मी तिथंच वाढले. शाळा सुटली. उंची तिथंच थांबली. लग्न झालं, दिवस गेले, नर्स म्हणाली रक्त कमी आहे. ते मला आधीपासून माहीत होतं, टेकाड चढले की डोळ्यांपुढं काळं यायचं. पोर झाली तीही हलकीच. आयच्या पोटात बसलेली लाथ माझ्या पोरीपर्यंत पोचली. हे मला कुणी शिकवलं नाही. मी माझं अंग बघते, पोरीचं अंग बघते, आणि मला कळतं.

तर त्या मंडपात माझं नाव पुकारलं. कार्यकर्ता कानाशी येऊन म्हणाला, "माइक देतील. भाऊंमुळं माझी पोर वाचली, एवढंच बोल. जास्त अक्कल चालवू नको."

मी स्टेजवर चढले. पोर कडेवर. भाऊनं डबा पुढं केला, तोंड कॅमेऱ्याकडं. त्याच्या अंगाला अत्तराचा वास होता. मी डबा घेतला नाही. तो हसत हसतच हळू आवाजात म्हणाला, "घे ग, लाजतेस काय." माइक माझ्या तोंडाशी आला.

मी म्हणाले, "आमचा भात कुनी जाळला?"

मंडपात कुजबुज झाली. भाऊच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले.

"माझ्या बाची बोटा ह्यानीच मोडली. बूट घालून. माझ्या आयच्या पोटात लाथ मारली, माझा भाऊस मेला. आमाला समजत नाय मनतो. पोरांना काय घालायचा ता आमाला समजता. ह्यानी ठेवला काय ता विचारा!"

माइक बंद झाला. मी ओरडून बोलत राहिले. मग झबलं ओढणाऱ्या त्याच कार्यकर्त्यानं माझा आंबाडा धरला आणि मागं खेचलं. थोबाडीत बसली. ओठ दातावर फुटला. तोंडात रक्ताची चव आली. पोर हातातून निसटत होती, तेवढ्यात खालून काकीनं धावत येऊन तिला झेलली. काकी आता म्हातारी आहे, माझ्या सोबतीला टेम्पोत आली होती. पोरीला पोटाशी धरून ती स्टेजच्या पायरीवरच उभी राहिली आणि ओरडली, "मी पन बघलाय! बैल पन ह्यानीच मारला! मी तठंच होती!"

मला फरफटत मंडपाबाहेर काढलं. पाठीत बुक्के, कमरेत लाथ. कुणीतरी म्हणालं, "व्हिडिओ घेऊ नका." आमच्या बाया एकेक करत उठल्या आणि बाहेर आल्या. सगळ्या नाही. काही डब्यांसाठी बसून राहिल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरीही पोरं आहेत.

टेम्पोवाल्यानं आम्हांला घेतलं नाही. पोरीला घेऊन मी तशीच सरकारी दवाखान्यात गेले. तिला भरती केलं.

आयला जाऊन बरीच वर्षं झाली. बा आहे. त्याला कळलं तेव्हा तो दवाखान्यात आला, वाकलेला, काठी टेकत. मला वाटलं पाठीवर हात ठेवील. तो म्हणाला, "कशाला बोललीस? येतील ना ते परत. तुला समजत नाय, येतील ते." त्याला पाणी दिलं तर गिलास त्याच्या हातात राहिना, कपड्यांवर सांडला. इतक्या वर्षांनीही बा त्या खळ्यावरच पडलेला होता. मला त्याचा राग आला. मग माझाच आला. मग दोन्ही राग गेले आणि जो राहायला पाहिजे तो, भाऊवरचा, तेवढाच राहिला.

पोर ताप उतरून घरी आली, आणि ते आले. दिवसाच आले. पांढरी गाडी. सोबत गावातला एक पुढारी, गोड बोलणारा. माझा नवरा ट्रॅक्टर चालवायचा, त्या कामावरून त्याला आधीच काढून टाकलं होतं. पुढारी म्हणाला, "बाई, झालं गेलं सोडून द्या. एक व्हिडिओ करू. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पोर आजारी होती म्हणून बोलले, एवढं म्हणा. विषय संपला."

"नाय मननार."

"उद्या पोरीला परत काही झालं तर? गाडी कुणाची लागेल तुम्हांला?"

"पाठीवर नेन."

नवरा माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत भीती होती. पण तो आत गेला नाही. गाडीतला एक जण उतरून माझ्या अंगावर आला. नाकाला नाक लागेल एवढा. "तुझ्या बापाला विचार आम्ही काय करतो ते." मी म्हणाले, "विचारायचा काय त्याच्यात? मी बघलाय." काकी येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. मग शेजारणी आल्या. हातात कुणाच्या विळा होता, कुणाच्या काहीच नव्हतं. तो थुंकला आणि गाडीत बसला.

ते परत येतील. बा खरं सांगतो. कदाचित घर पेटवतील. कदाचित माझा हात दगडावर धरतील.

मी पाडा सोडून जाणार नाही. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, घरात कुणाला काय आजार होता, तर मी त्यांना मारहाण सांगितली. त्यांनी पेन थांबवला. मी परत सांगितली. ग्रामसभेत सांगितली, त्याचं पूर्ण नाव घेऊन, बापाच्या नावासकट. आता रेशनच्या रांगेत सांगते, बाजारात सांगते. माझ्या पोरीला अजून बोलता येत नाही. बोलायला लागली की तिलाही ते नाव शिकवणार. मला मारायचं असेल तर त्यांना दिवसाउजेडी, सगळ्या पाड्यासमोर मारावं लागेल. आणि ज्याच्या हातात काठी असेल त्याचं नाव मी प्रत्येक फटक्याला मोठ्यानं घेईन.