देवासाठी एक फूल

२०११ सालचा तो मेला पाऊस वसंतपंचमी उजाडली तरी थांबेना. सिंगापुरातल्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये सुलेखा नुसती येरझाऱ्या घालत होती. देवाला वाहायचा, इमारतीखालच्या आंब्याचा मोहोरही झडून गेला होता.

शेजारच्या चिनी आजींनी मात्र नववर्षासाठी दाराबाहेर पीचच्या गुलाबी फुलांची कुंडी ठेवली होती. पुण्यात सुलेखा शेजाऱ्यांची फुलं खुशाल तोडायची. पूजेच्या फुलाला कुणी चोरी म्हणत नसे. तिने पटकन एक खुडलं. पण महिनाभर ओल्या कपड्यांचा कुबट वास सोसलेल्या तिने ते नकळत नाकाशी नेलं.

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. म्हणजे चोरी आता तिची एकटीची.

तिने ते केसांत माळलं आणि दार लावून घेतलं.