सुमीला तपासलं, असं मी म्हणाले

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — नवऱ्यापाशीही नाही. आज सांगतेय, कारण स्वतःचाच संताप येतो, आणि तो गिळून गिळून मी दमलेय.

सात वर्षांपूर्वी, इथे चंदीगडलाच, चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि काचबिंदू निघाला. डॉक्टरबाईंनी थेंब दिले. म्हणाल्या, सख्ख्या भावंडांना धोका जास्त. दुखत नाही, कळत नाही, म्हणून तपासूनच घ्यायचं. माझी एकच बहीण, सुमी. तिचा नवरा हवाई दलात, तेव्हा पोस्टिंग इथलंच. स्कूटरने दहा मिनिटांवर राहायची. काय अवघड होतं?

पण मी विद्यापीठात विभागप्रमुख होणार होते. आणि सुमीच्या पोटात काही राहत नाही — इथल्या मूठभर मराठी घरांत दोन दिवसांत झालं असतं, विद्यापीठातल्या बाईंचे डोळे चाललेत. म्हणून गप्प बसले. थेंबांची बाटली पर्समध्ये लपवली. डॉक्टरबाई दर खेपेला बहिणीचं विचारायच्या. तिसऱ्या खेपेला मी सरळ म्हणाले, "तपासलं. नॉर्मल आहे." त्यांनी फाइलवर लिहून घेतलं. विषय संपला — किती सोपं असतं, नाही?

मग सुमी दाराच्या चौकटीला धडकायला लागली. माझ्याकडे जेवायला आली की पेला लवंडायची. एकदा वाटीभर आमटी सांडली. मला कळलं नव्हतं? चांगलं कळलं होतं. आणि मी, नीच बाई, पाहुण्यांसमोर तिला म्हणाले, "डोळे आहेत ना तुला?" ती ओशाळून फडकं आणायला गेली.

बदली होऊन पुण्याला गेल्यावर तिचं निदान झालं. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्याला कडेचं दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही — हे मला तिच्या कितीतरी आधी माहीत होतं. तिनेच फोन केला. "ताई, हे रक्तातून येतं म्हणतात. तू आधी तपासून घे गं, पक्कं."

तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. आठवडाभर थांबून तिला कळवलं, की माझ्यातही सापडलं, अगदी सुरुवातीलाच — तुझ्यामुळे. ती रडली. आनंदाने.

आता भेटेल त्याला ती सांगते, माझा डोळा गेला, पण ताईचे दोन्ही वाचवले. मी शेजारी बसून मान हलवते.