काच कुणाची?

माझ्या मामेसासऱ्यांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे भोरच्या विजेनंही दिलेले नाहीत, आणि पावसाळ्यात भोरची वीज या बाबतीत हात आखडता घेत नाही. पॅथॉलॉजीची पदवी घेऊन मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा मामा त्याच विषयात केस पांढरे करून बसले होते. मला वाटलं, चला, बोलायला माणूस मिळालं. पहिल्याच दिवशी त्यांनी मायक्रोस्कोपखाली एक काच सरकवली, तिला नमस्कार केला आणि विचारलं, "काय, कुठल्या तुमी?" मी मागं वळून बघितलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. पुण्याच्या कॉलेजात मला पुष्कळ शिकवलं होतं, पण काचेची विचारपूस करायला कुणी शिकवलं नव्हतं.

मामा मूळचे गुंजवण्याचे, भातशेतीवाल्या घरातले. डॉक्टर झाले, भोरातल्या एका घरची एकुलती एक मुलगी केली आणि सासऱ्यांच्याच घरी राहिले. त्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांची लॅब. भोर आणि वेल्ह्याकडच्या गावांत कुणाला मानेत, काखेत, छातीत गाठ लागली, की सुईनं टोचून तिच्यातल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि गाठ साधी आहे की कॅन्सरची ते सांगायचं, हे त्यांचं काम. पण काच हातात घेण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "काच कुणाची?" नुसतं नाव सांगून भागायचं नाही. गाव कुठलं, वाडी कुठली, माहेर कुठलं, घरात कोण कोण, म्हैस दूध देते का, सगळं सांगावं लागे. माणूस माहीत नसेल तर त्याची गाठ काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. आंबवड्याच्या एका बाईंची काच बघताना ही चौकशी त्यांच्या धाकट्या दिराच्या लग्नापर्यंत गेली आणि मामांनी तिथल्या तिथं एक मुलगी सुचवली. ती सोयरीक जमलीसुद्धा. बाईंची गाठ साधीच निघाली, पण लग्नाच्या पत्रिकेत मामांचं नाव वाचून मी अवाक झाले.

पेशी रंगवायचा जांभळा रंग त्यांच्या बोटांत कायमचा मुरला होता. त्यांनी मोडलेली भाकरी ज्वारीची की नाचणीची ते ओळखू येत नाही, अशी मामींची तक्रार असे. एका निवडणुकीत तर मतदान केंद्रावरच्या बाईंनी त्यांना अडवलं. तुम्ही आधीच मत देऊन गेलाय, म्हणाल्या. मामांनी दुसरा हात पुढं केला. त्याचीही पाची बोटं जांभळी. बाईंनी सरळ पोलिसाला हाक मारली. शेवटी ओळखीच्या तलाठ्यानं येऊन सांगितलं, तेव्हा कुठं मत पडलं. मी घरी चडफडत होते, मामा मात्र खूश होते. बाई हुशार आहे, पुराव्यावर बोलली, म्हणाले.

त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा तर अशी, की ऐकून माझ्या जुन्या प्राध्यापकांना भोवळ आली असती. लॅबचं काम शिकायला मुलंमुली येत, अधूनमधून पुण्याचे नवे डॉक्टरही येत. पहिल्या दिवशी मामा कुणालाही मायक्रोस्कोपला हात लावू देत नसत. सगळ्यांना घेऊन एसटी स्टँडवर जायचे, बाकावर बसवायचे आणि सांगायचे, बघा. आपापल्या गाडीची वाट बघणारी माणसं बरी. गर्दी कितीही असो, ती आपल्या जागेवर असतात. जो कुठल्याच गाडीची वाट बघत नाही, त्याच्यावर नजर ठेवा. पेशींचंही असंच असतं. एकदा एका मुलीनं असा एक माणूस बरोबर हेरला आणि सगळे त्याच्या मागं मागं फिरू लागले. तो निघाला साध्या कपड्यांतला एसटीचा तिकीट तपासनीस. त्यानं या सगळ्यांनाच तिकिटं मागितली. मामा शांतपणे म्हणाले, म्हणून तर दोनदा बघायचं असतं.

आणि त्यांची परिभाषा! धडधाकट पेशी म्हणजे 'घरचे'. साधी गाठ म्हणजे 'पाहुणा': आला, आपल्या जागेवर बसला, ऊठ म्हटलं की उठला. कॅन्सर म्हणजे 'घरजावई': आला तो गेलाच नाही, हातपाय पसरले, घरच्यांच्या ताटातलं खाल्लं आणि शेवटी घरच बळकावून बसला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून मामींकडं बघितलं, कारण बोलणारा स्वतः त्या घरचा घरजावई. मामी शेंगा सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. मामाच म्हणाले, "घरजावयाला घरजावई लगेच कळतो, सूनबाई."

अशा माणसाच्या दारात दोन वर्षांपूर्वी पुण्याहून दोन तरुण इंजिनिअर एक यंत्र घेऊन आले. हे यंत्र काचेचा भलामोठा फोटो काढून पडद्यावर दाखवतं आणि आत बसवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता त्या फोटोत संशयाच्या जागा शोधून त्यांच्याभोवती लाल चौकट काढते. मामांचा स्वतःचा मोबाईल काचांच्या लाकडी पेटीत पडलेला असे आणि वाजला की ते पेटीचं झाकण लावत. तेव्हा या पोरांची पाठवणी कशी होणार, हे मला दिसतच होतं. मी त्यांच्यासाठी निदान चहा तरी टाकला. बाहेर आले तर मामा पडद्याला नाक लावून बसलेले. एवढीशी काच भाटघरच्या धरणाएवढी दिसतेय, म्हणत होते. यंत्राला अजून शिकवावं लागेल, कुणीतरी जाणकारानं फोटोंवर खुणा करून द्याव्या लागतील, असं पोरांनी सांगितलं आणि मामांचा चेहरा उजळला. म्हणजे हाही शिकाऊच, मग तो आमचाच, असं म्हणून त्यांनी यंत्राला नमस्कार केला. मी चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. पोरं म्हणाली, पेशंटचं नाव-गाव यंत्राला द्यायचं नाही, फक्त नंबर द्यायचा. मामा हादरलेच. "चौकशी न करता मुलगी द्यायची म्हनता?" एवढंच त्यांनी विचारलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पुढं खुणा करायला बसले, पण धुसफूस संपली नाही. यंत्र हुशार आहे, पण त्याला कुणाचं सोयरसुतक नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सोयरसुतक नाही, असं म्हणताना त्यांचा सूर असा असे, की जणू ते यंत्र कुणाच्या तरी मयताला गेलंच नव्हतं.

वर्षभर त्यांनी खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपुढच्या जागेत आपल्याच परिभाषेत नाव लिहिलं. त्या पोरांना वाटलं, हे मराठीतले शास्त्रीय शब्द असतील. हे मला कळलं ते वेल्ह्याकडचा एक शेतकरी हातात कागद घेऊन माझ्यापुढं उभा राहिला तेव्हा. त्याच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईच्या मानेतल्या गाठीची काच होती आणि यंत्राचा कच्चा कागद त्यानं प्रिंटरमधून परस्पर उचलला होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: पाहुणा. "डॉक्टर, ह्यो पावना कोन म्हनायचा?" तो काळजीनं विचारत होता. "जेवून जानार का ऱ्हानार?" कॅन्सर आहे की नाही, हे याहून नेमकं मला कुणी आजवर विचारलेलं नाही. आतून मामांनी उत्तर दिलं, "जेवून जानार." म्हातारीनं तिथंच पिशवीतून वाटाणे काढून आम्हाला दिले.

नंतर, गेल्या वर्षी, मामींच्या छातीत गाठ लागली. त्यांनी आधी मला सांगितलं, मामांना नाही. दुपारी मी सुई टोचली, काच रंगवली. मामा आत आले आणि सवयीनं म्हणाले, काच कुणाची? मी आतल्या घराकडं बघितलं, तसे ते समजले. त्यांनी काच उचलली, मायक्रोस्कोपखाली धरली आणि लगेच उठले. "पावना हाय," म्हणाले, "जेवून जानार." आणि चपला घालून निघाले. मला इतकं हायसं वाटलं, की त्यांनी एकदाच बघितलं हेही माझ्या लक्षात आलं नाही.

प्रत्येक काच यंत्रात घालायची, हा आता लॅबचा नियम होता, म्हणून मी तीही घातली. पडद्यावर काचेच्या पार कडेला एक लाल चौकट उमटली आणि तिच्याखाली शब्द आला: घरजावई. मी दारातून हाक मारून मामांना परत बोलावलं. ते बघत राहिले आणि मग चिडले. कालच या यंत्रानं धुळीच्या कणाला घरजावई म्हटलं होतं, म्हणाले, आणि तसं झालंही होतं. मी काच पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि ती कड शोधली. चार-पाच पेशींचा पुंजका होता, वेडावाकडा, कुठल्याच गाडीची वाट न बघणारा.

"सूनबाई, दिसतंय का?"

"दिसतंय, मामा."

ते माझ्या जागी बसले आणि दुसऱ्यांदा बघितलं. फार वेळ बघितलं. उठले तेव्हा डोळे पुसायला त्यांनी जांभळी बोटंच वर नेली आणि गालावर डाग पडला. "मी शिकवलं तेच सांगतंय ते," म्हणाले. "फकस्त त्याला सोयरसुतक न्हाई, म्हनून त्याला दिसलं. मला न्हाई दिसलं." आयुष्यभर काच कुणाची ते विचारून बघणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला जो धक्का बसला, त्यापुढं आधीचे सगळे धक्के थट्टा वाटले.

पुण्यात तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. मामींना मी सांगितलं तेव्हा मामा भिंतीला टेकून खाली बघत होते. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "एक घरजावई जन्मभर सांभाळला. ह्यो दुसरा तेवढा काढून टाका." मामा आधी हसले आणि मग रडले.

ऑपरेशन झालं. मामी बऱ्या आहेत. इंजिनिअर पोरांनी आता यंत्रात रीतसर शब्द घातलेत, त्यामुळे कागदावर पाहुणा येत नाही आणि घरजावईही नाही. मामा अजून काचा बघतात, पण नावाच्या चिठ्ठीवर अंगठा ठेवून. काच कुणाची, हा प्रश्न लॅबमध्ये बंद झाला. गावोगावची माणसं येतात, म्हशीचं दूध, मुलीचं लग्न सांगायला तोंड उघडतात आणि कुणी विचारलंच नाही म्हणून गप्प बसतात. मला ती शांतता सोसत नाही.

गेल्या महिन्यात मामींच्या काखेत बारीकशी गाठ लागली. मी सुई टोचली. मामा आत आले नाहीत. पेशंटांच्या बाकावर, किकवीच्या एका बाईंच्या शेजारी जाऊन बसले. यंत्रानं कुठंच चौकट काढली नाही. मी कडेपासून कडेपर्यंत बघितलं, पुन्हा बघितलं आणि बाहेर जाऊन सांगितलं, "सगळे घरचेच आहेत, मामा."

"दोनदा बघितलंस?"

"दोनदा."

"काच कुणाची, त्ये मनात न आनता?"

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि माझे डोळे बघून त्यांना खरं काय ते कळलं असावं. मग ते शेजारच्या बाईंकडं वळले आणि विचारलं, "काय, कुठल्या तुमी?"