मास्टरमधली जागा

आमच्या हॉस्पिटलात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. शाळेशी तिचा संबंध इतकाच, की शिकत असताना ती मास्तरांशी भांडायची. नाव पडलं ते कॉम्प्युटरवरून. तिच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. हॉस्पिटलला लागणारे सगळे प्रोग्राम आणि सगळ्या सेटिंग त्यावर नीट बसवलेल्या होत्या. तो मास्टर. त्याची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे इमेज, ती एका डिस्कवर काढून ठेवायची. कुठल्या वॉर्डातला कॉम्प्युटर बिघडला की डिस्क घेऊन तिथे जायचं, त्यावरचं जुनं सगळं पुसायचं आणि ही इमेज टाकायची. थोड्या वेळात तो बिघडलेला गडी मास्टरसारखाच शहाणा होऊन कामाला लागायचा. मास्टर सांभाळते म्हणून मास्तरीण.

लोक म्हणायचे, हिच्या नाकावर राग असतो. खोटं आहे. राग तिच्या जिभेवर असायचा, नाकापर्यंत जायला त्याला सवडच मिळायची नाही. एका डॉक्टरने कीबोर्डवर चहा सांडला तेव्हा तिने चारचौघांत विचारलं होतं, "पेशंटच्या पोटातही असंच सांडता का हो?"

या रागाला जुनं मूळ होतं. तिच्या वडिलांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. दोन्ही भावांना त्यांनी हाताखाली घेतलं. ही दारात उभी राहिली की म्हणायचे, "पोरीच्या हाताला ग्रीस शोभत नाही, जा, आईला मदत कर." पुढे ती आमच्याकडे कारकून म्हणून लागली. कॉम्प्युटर बघणारा माणूस नोकरी सोडून गेला, नवा येईना, आणि हिने एक दिवस कोणाला न विचारता स्क्रू ड्रायव्हर घेऊन बंद पडलेला डबा उघडला. तो काही त्या दिवशी सुरू झाला नाही. उलट आणखी बिघडला. पण तेव्हापासून ती त्या खोलीतून बाहेर निघाली नाही.

आता माझं. मी याच हॉस्पिटलात टायपिस्ट आहे. डॉक्टर बोलून रेकॉर्ड करतात, ते मी ऐकतो आणि रिपोर्ट टाईप करतो. मला जन्मापासून दिसत नाही. हे मी उशिरा सांगतोय, कारण आधी सांगितलं की लोक पुढचं ऐकतच नाहीत.

नोकरीला लागलो तेव्हा मला टेलिफोनवर बसवलं होतं. 'थांबा, जोडतो' म्हणता म्हणता उमेदीची वर्षं चालली होती. एकदा मास्तरीण लाईन तपासायला आली आणि माझी बोटं टेबलावर वाजताना बघून म्हणाली, "तुला टायपिंग येतं?"

"येतं."

"मग इथे कशाला कुजतोयस?"

पुढचे कित्येक दिवस तिने डोकं खपवून माझ्यासाठी एक कॉम्प्युटर बसवला. त्यात स्क्रीन रीडर घातला, म्हणजे पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या बोलण्याचा वेग मला हवा तसा, इतका जलद की बाहेरच्याला वाटावं डब्यात चिमण्या भांडतायत. मग मी त्यात माझी लघुरूपं भरत गेलो. 'फुसा' टाईप केलं की 'दोन्ही फुफ्फुसं साफ आहेत' हे अख्खं वाक्य उमटायचं. अशी शेकड्यांनी जमली. हाडांची, पोटाची, हृदयाची. बोटांना पाठ झालेली.

हे सगळं मास्टरमध्ये नव्हतं. तिने माझ्या एकट्याच्या कॉम्प्युटरची वेगळी इमेज काढली होती आणि ती डिस्क आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. काही नवं भरलं की ती नव्याने काढायची आणि ड्रॉवरवर थाप मारून म्हणायची, "तू इथे आहेस. बिनघोर राहा."

मग नवे साहेब आले. कॉम्प्युटर, टेलिफोन, वीज, सगळं त्यांच्या हाताखाली. चालताना त्यांच्या शर्टचा कांजीचा आवाज यायचा, म्हणून मी त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायला लागलो आणि बघता बघता अख्खं हॉस्पिटल म्हणायला लागलं. त्यांना कामंही इस्त्री केलेली लागायची. प्रत्येक वॉर्डाच्या सेटिंग वेगवेगळ्या का, म्हणून त्यांनी बाहेरच्या लोकांकडून नवा मास्टर बनवून घेतला. तो सगळीकडे टाकायचा ठरला.

"माझ्या परोक्ष टाकायचा नाही," मास्तरीण म्हणाली. "दोन-चार ठिकाणचं जुनं आधी जपून ठेवायला लागेल."

"तुमच्याशिवाय कसं होईल, बाई?" साहेब गोड बोलले.

त्याच आठवड्यात तिच्या सासूबाई पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, आणि ती रजेवर गेली.

सोमवारी मी येऊन बसलो. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि पुढे काहीच नाही. मी वाट बघितली. कळा दाबल्या. कॉम्प्युटर चालू होता, हाताला ऊब लागत होती, पण तोंडातून चकार शब्द नाही. शेजारची टायपिस्ट म्हणाली, "अरे, साहेबांची माणसं सुट्टीत येऊन सगळ्यांचे कॉम्प्युटर नवे करून गेली. तुझाही स्वच्छ झालाय बघ."

स्वच्छ! माझी बोटं अजून कळांवरच होती. मी मास्तरणीला फोन केला. ती सासूला नवऱ्याच्या हवाली करून तशीच निघाली. तिची पावलं जिन्यावर ऐकली तेव्हा कळलं, आज कोणाची धडगत नाही. आधी ती आपल्या खोलीत गेली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग तो इतक्या जोरात बंद झाला, की शेजारची टायपिस्ट दचकून उभी राहिली.

ड्रॉवर रिकामा होता. बाहेरच्या लोकांना डिस्क कमी पडल्या, तेव्हा साहेबांनी 'त्या जुन्या घ्या' म्हणून तिचा ड्रॉवर उघडून दिला होता. माझ्या डिस्कवर त्यांनी त्यांचा मास्टर चढवला होता. त्याखालचं काही परत येण्यासारखं नव्हतं.

साहेबांच्या केबिनमध्ये विभागप्रमुखांची मीटिंग चालू होती. ती सरळ आत घुसली. मी मागोमाग जाऊन दाराशी थांबलो.

"ड्रॉवर कोणाला विचारून उघडलात?"

"बाई, मीटिंग चालू आहे."

"चालू दे. सगळ्यांना ऐकू दे. तुम्ही शब्द दिला होता."

"अहो, एका माणसासाठी अख्खं काम थांबवायचं का?" साहेबांचा आवाज अजून गोडच होता. "सगळ्यांना एकसारखं दिलंय. भेदभाव नको म्हणून तर हे केलं."

"एकसारखं? उद्या पायऱ्या काढून सगळ्यांना चढायला एकसारख्या दोऱ्या द्याल! तो बिचारा आता काय करणार?"

"त्यांना टेलिफोनवर पाठवू. अशा लोकांची तिथे सोय होते."

आत कोणीतरी खुर्ची सरकवली. एवढी शिकलेली माणसं, एकाच्याही तोंडून 'हे चूक आहे' निघालं नाही.

ती बाहेर आली ती धापा टाकत. "ऐकलंस ना? मी सोडणार नाही त्याला."

"मी बिचारा कधीपासून झालो?" मी म्हटलं.

"अरे, बोलण्याच्या भरात..."

"भरात खरं तेच निघतं. त्यांच्यासाठी मी 'असे लोक', तुमच्यासाठी बिचारा. आणि बाई, मला ड्रॉवरमध्ये का ठेवलं होतंत?"

"म्हणजे?"

"स्क्रीन रीडर मास्टरमध्ये का नाही घातला? घातला असता तर तो सगळीकडे असता. नव्या मास्टरमध्येही कोणीतरी विचारून घेतला असता, की हे काय आहे, हे ठेवायचं ना. तुम्ही मला वेगळं काढून कनवाळूपणे कुलपात ठेवलंत. ड्रॉवर साफ झाला, मीही साफ झालो."

"परवानगी मिळाली नसती."

"मागितली होती?"

रिकाम्या कॉरिडॉरमध्ये औषधांची ढकलगाडी खडखडत गेली. मग ती म्हणाली, "नाही मागितली. वाटलं, तुझ्यापुरतं झालं ना, बास." आणि लगेच, "पण एवढा ओरडू नकोस. इथे ओरडायचं काम माझं आहे."

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "टेलिफोन काय वाईट होता रे? पंख्याखाली बसून काम. कशाला मोठ्यांशी वैर?" मी ताट सरकवून उठलो. तिच्यावरही चिडलो, आणि चिडलो म्हणून स्वतःवरही.

टेलिफोनवर मी गेलो नाही. रोज वेळेवर यायचो आणि त्या मुक्या कॉम्प्युटरपुढे बसायचो. साहेबांनी निरोप पाठवला, की हा शिस्तभंग आहे. मी उलट निरोप पाठवला, की मी माझ्या जागेवर आहे, काम माझ्या जागेवर नाही. रिपोर्ट तुंबले. शेजारची टायपिस्ट एकटी किती ओढणार? ती माझ्यावर वैतागायची, साहेबांवर वैतागायची आणि कीबोर्ड बडवायची. पेशंटचे नातेवाईक खिडकीशी येऊन विचारायचे, "रिपोर्ट कधी मिळेल?"

"कॉम्प्युटर बोलायला लागला की," मी सांगायचो. "तो का बोलत नाही ते समोरच्या केबिनमध्ये विचारा."

नातेवाईक जायचे. केबिनचं दार दिवसभर उघडायचं आणि आपटायचं. सगळ्यांनाच असं परतवणं मात्र मला सोपं गेलं नाही. एक म्हातारा सुनेच्या रिपोर्टसाठी रोज यायचा. तिचं ऑपरेशन झालं होतं, पुढच्या उपचाराला तिला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं, आणि तिकडचे लोक रिपोर्टशिवाय तिला घेत नव्हते. तो ओरडायचा नाही, नुसता उभा राहायचा. त्याचा श्वास खिडकीतून ऐकू यायचा. शेवटी तो तिचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडेच गेला.

सर्जन म्हणजे दुसरी मास्तरीण, फक्त पगार मोठा. तो आला तो केबिनचं दार न ठोकताच. "माझ्या पेशंटला हलवायचंय आणि ऑपरेशनचा रिपोर्ट नाही? काय चाललंय काय इथे?"

साहेबांनी मास्तरणीला बोलावून घेतलं. मीही गेलो, मला कोणी बोलावलं नव्हतं. "ठीक आहे," साहेब म्हणाले, "यांच्या मशीनवर काय ते टाकून द्या. तेवढ्या एकाच मशीनवर."

"एकावर नाही टाकणार," ती म्हणाली. "मास्टरमध्ये टाकीन. हॉस्पिटलातल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असेल, तुमच्यासुद्धा. नको असेल तर तुम्हीच करा."

"हा हट्ट झाला, बाई."

"हो. हट्टच आहे."

सर्जन खेकसला, "मास्टरमध्ये टाका, मसाल्यात टाका, मला संध्याकाळी रिपोर्ट पाहिजे!"

साहेब म्हणाले, "करा."

सर्जनने हे माझ्यासाठी केलं नाही. त्याला घाई होती. मला त्याचं वाईट वाटत नाही. कोणाच्या दयेपेक्षा कोणाची घाई परवडली.

आम्ही दोघं तिच्या खोलीत बसलो. तिने नवा मास्टर उघडला, त्यात स्क्रीन रीडर घातला, आणि एक ठरावीक कळ दाबली तरच तो बोलेल, एरवी गप्प राहील असं केलं. मी म्हटलं, पासवर्डच्या आधीच बोलला पाहिजे, नाहीतर सुरू करायलाच मला कोणाचे तरी पाय धरावे लागतात. ते जमता जमेना. ती कॉम्प्युटरला शिव्या देत होती, मी तिला घाईला लावत होतो, दोनदा आमचं जोरात वाजलं. शेवटी जमलं. तिने इमेज काढली आणि आधी माझ्या कॉम्प्युटरवर टाकली. संध्याकाळी त्या म्हाताऱ्याला रिपोर्ट मिळाला. 'फुसा'सारखं काहीच नसल्याने मला प्रत्येक वाक्य पूर्ण टाईप करावं लागलं. पुढच्या दिवसांत तीच इमेज सगळ्या वॉर्डांत गेली.

साहेबांनी याचा वचपा काढलाच. महिनाभरात मास्टर तिच्याकडून काढून घेतला आणि तिला रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत पाठवलं, भंगारात निघालेले कॉम्प्युटर तपासायला. पुढे साहेब बढती घेऊन गेले. तिला कोणी परत बोलावलं नाही. माणसं कशी विसरतात हे मी विसरणार नाही. तिच्या हाताखालून गेलेले कॉम्प्युटर रोज वापरतात आणि ती दिसली की म्हणतात, बरं झालं बाई तिकडे गेली, कान शांत झाले. माझी लघुरूपंही परत आली नाहीत. मी पुन्हा भरतोय, पण बोटं अजून जुनीच शोधतात आणि पुऱ्या वाक्याऐवजी नुसती अक्षरं ऐकू आली की माझं डोकं सणकतं.

मास्टरमधला आवाज मात्र राहिला. काढायचा म्हटलं तरी कोणीतरी हात हलवायला हवा, आणि तेवढी तसदी इथे कोण घेतो?

परवा आमच्या खोलीची वीज गेली. तातडीचा रिपोर्ट होता, म्हणून मी खाली नोंदणीच्या काउंटरवर गेलो, तिथल्या मुलीला जरा उठायला सांगितलं आणि कळ दाबली. कॉम्प्युटर बोलला. "अय्या, हा बोलतो?" मुलगी किंचाळली. मी तिथूनच मास्तरणीला फोन लावला.

"बोलणारच," ती म्हणाली. "त्यात फोन करण्यासारखं काय? आणि हा मागून येतोय तो आवाज त्याचाच का? इतका रेंगाळत?"

"हो. सावकाशच आहे."

"वेगाची सेटिंग कोणी बदलली? गाढव कुठले! थांब, येते."

"बाई, तुम्हाला इकडच्या मशीनला हात लावायची परवानगी नाही."

"परवानगी गेली खड्ड्यात," ती म्हणाली. थोड्या वेळात तिची पावलं दारातून आत आली, आणि ती मुलगी "अहो, अहो, साहेब रागावतील" म्हणत असतानाच तिने माझ्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला.