केळीचा परकर

तुम्ही केळं सालीसकट खाता का? नाही ना? मग सालीवर चार तपकिरी ठिपके दिसले की फणी परत का ठेवता?

हा प्रश्न मला घरी सुचला नव्हता. बऱ्हाणपूरला निघाले तेव्हा माझ्याकडे फक्त उत्तरं होती, छापील. 'शेतातले प्लास्टिक हटवा!' अशा पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी गाडीत बसले होते.

सकाळी उतरल्यावर आधी मावा जलेबी (खव्याची, काळसर, चांगली जाडजूड) खाल्ली. "एकच द्या," म्हटलं, तर हलवाई म्हणाला, "ताई, एक तो चखने की होती है." तत्त्वं तिथूनच ढिली होऊ लागली.

पुढे दापोरा गावाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना केळीच केळी. प्रत्येक घड निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. सगळी बाग दवाखान्यात भरती झाल्यासारखी दिसत होती. माझं रक्त उसळलं.

मैत्रिणीची मावशी, सुनंदामावशी, हिच्याकडे उतरायचं होतं. ओट्यावर मी गठ्ठा ठेवला. छापखान्याने तो जाड प्लास्टिकमध्ये बांधून दिला होता.

"प्लास्टिक हटवा," मावशीने मोठ्याने वाचलं. "अन् हे काय गुंडाळून आणलं वं बाई?"

"भिजू नये म्हणून."

"मग केळीले ऊन लागू नये म्हणून. तुझा कागद नाजूक, आमची केळी काय लोखंडाची?"

मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, समजावलं. पूर्वी पानांच्या सावलीत घड निभायचा. आता ऊनच असं पडतं की साल करपते, आणि करपलेल्या घडाकडे व्यापारी बघतही नाही. त्यानेच सांगितलं, 'स्कर्टिंग बॅग' लावा, म्हणजे ह्या निळ्या पिशव्या. मावशीने विचारलं, स्कर्ट म्हणजे काय? कोणी तरी म्हणालं, परकर. झालं! शहरातल्या यंत्रमागावरून डागी सुती कापड आणून तिने एका ओळीतल्या घडांना खरेच परकर शिवले. नाडीसकट.

"आज व्यापारी येऊन राहिला," काका म्हणाले. "त्यानं ही ओळ चांगल्या भावानं उचलली, तर पुढच्या साली सगळ्या बागेले कापड. नाही तर निळ्या पिशव्या, अन् परकराचं नाव घरात काढायचं नाही."

मावशी पदराने शिलाई मशीन पुसत राहिली.

दुपारी व्यापारी आला, मागे घड कापणारे तिघे.

"नाड्या सोडा रे," मावशी म्हणाली.

कोणी हलेना. शेवटी एक जण म्हणाला, "मावशी, परकराची नाडी आम्ही कशी सोडावी? लोक काय म्हणतील?"

"अरे, केळीचा हाय!"

"नाव तर परकरच हाय ना."

"मग पिशवी म्हण!"

"आता म्हणून काय फायदा? माहीत पडून गेलं."

मदतीसाठी मी काकांकडे पाहिलं. ते तातडीने ठिबकची नळी तपासू लागले. मग मीच पुढे झाले. गाठी उन्हाने दगड झालेल्या. काही तर दातांनी सोडवल्या. स्त्रीमुक्तीवर मी तीन पत्रकं लिहिली आहेत, एकातही दातांचा उल्लेख नाही.

परकर उतरले. आत हिरवेगार घड, कुठेच करपलेले नाहीत. काकांनी मान डोलावली. फक्त नाडी घासली तिथे बारीक ठिपके होते. व्यापाऱ्याने फोटो काढून परदेशात माल पाठवणाऱ्याला धाडला. उत्तर येईपर्यंत तो मावशीने पुढे ठेवलेली घरची पिकली केळी खात बसला.

फोन वाजला. "ठिपका हाय म्हणे. बाहेर नाही चालणार."

"तुम्ही खाल्लं ते गोड लागलं?" मावशीने विचारलं.

"एकदम शक्कर!"

"किती खाल्ले?"

"चार."

"साली देखा."

त्याने देखल्या. चारही ठिपकेदार. "मावशी," तो ओशाळून म्हणाला, "मी खाणारा हाय. फोटो पाहणारा दुसरा."

ओळ त्याने उचलली, पण हातगाड्यांवर पाठवायला, कमी भावात. काका म्हणाले, "पुढच्या साली दोन ओळी. हातगाडीवर माल खपला तर तिसरी. नाही तर निळ्या पिशव्या."

"नाडी नरम सुताची लावते," मावशी म्हणाली आणि लगेच मशीनवर बसली.

निघताना माझा गठ्ठा ओळखू येईना. प्लास्टिक जाऊन त्याला परकर आला होता. परतीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "केळीचा परकर." ते जरा सरकून बसले.

ती पत्रकं मी वाटली नाहीत. मजकूर बरोबर आहे, पत्ता चुकला आहे. ती शेताकडे नाही, तुमच्याकडे यायला हवी होती. म्हणून इथेच विनंती करते: उद्या हातगाडीवर ठिपक्यांची फणी मागून घ्या. मोठ्याने मागा, गाडीवाल्याने व्यापाऱ्याला जाऊन सांगावं इतक्या मोठ्याने. दापोऱ्यात तिसरी ओळ तुमच्यासाठी थांबली आहे.